स्पॅनिशमधले देशवाचक शब्द: जाती की उपाधी?

मराठीत 'असणे' हे एकटे क्रियापद जे काम करते, ते स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' या दोघांनी वाटून घेतले आहे. आना मेक्सिकन आहे, हे 'आना एस मेखिकाना' असे सांगतात. आना आजारी आहे, हे 'आना एस्ता एन्फेर्मा' असे. पहिल्या वाक्यात 'सेर'चे रूप आहे, दुसऱ्यात 'एस्तार'चे. माणसाचा देश सांगायचा तर 'सेर'च लागते, हा नियम शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच मिळतो आणि त्याचे कारण म्हणून बहुतेक वर्गांत सांगितले जाते की, कायमचे ते 'सेर', तात्पुरते ते 'एस्तार'. हे कारण खरे धरले तर आजार येणारा-जाणारा आणि मेक्सिकनपण मात्र हाडीमाशी भिनलेले, असे होते. देश हा माणसाच्या स्वरूपाचा भाग की बाहेरून लागलेली उपाधी, हा तत्त्वज्ञानातला प्रश्न; तो व्याकरणाने परस्पर निकाली काढला असे वाटू लागते.

प्रत्यक्षात कायम-तात्पुरते हा नियमच टिकत नाही. मरणाइतके कायमचे काही नाही, तरी मेलेल्या माणसाबद्दल 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, म्हणजे 'एस्तार' वापरतात. माद्रिद शहर जागचे हलत नाही, तरी ते स्पेनमध्ये 'आहे' हे सांगताना पुन्हा 'एस्तार'. उलट घड्याळात दोन वाजले, हे मिनिटभरही न टिकणारे सत्य 'सेर'ने सांगतात: 'सोन लास दोस'. विद्यार्थी असणे दोन-चार वर्षांचे, पण तेही 'सेर'चेच. तेव्हा 'सेर' टिकाऊपणा मोजत नाही. ते वस्तूला किंवा माणसाला एका वर्गात बसवते. 'एस्तार' त्याची अवस्था किंवा ठिकाण सांगते. या दोघांची व्युत्पत्तीही मजेची आहे. 'सेर'मध्ये लॅटिनमधली 'असणे' आणि 'बसणे' ही दोन क्रियापदे मिसळली आहेत, तर 'एस्तार' 'उभे राहणे' यातून आले. व्युत्पत्तीवर तत्त्वज्ञानाचे इमले चढवू नयेत. पण वर्ग म्हणजे बैठक आणि अवस्था म्हणजे उभे राहणे, एवढे लक्षात ठेवायला ती पुरते.

देशाच्या शब्दाबरोबर 'एस्तार' कधीच येत नाही असेही नाही. एखाद्या अर्जेंटिनी माणसाच्या बोलण्याला आज त्याच्या देशाचा जास्तच रंग चढला असेल, तर त्याचे मित्र थट्टेने 'एस्ता मुई आर्खेन्तिनो' म्हणतील. तेव्हा तोच शब्द त्याचा वर्ग सांगत नाही, त्या दिवसाची तऱ्हा सांगतो.

रूपांच्या बाबतीत मराठी माणसाला हे शब्द अवघड जाऊ नयेत. मराठीत 'चांगला' हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलते, 'भारतीय' किंवा 'जपानी' बदलत नाही. स्पॅनिशमध्येही अशा दोन तऱ्हा आहेत. ओकारान्त शब्द स्त्रीलिंगात आकारान्त होतात: 'चिलेनो' पुरुष, 'चिलेना' स्त्री. देशवाचक शब्द व्यंजनान्त असेल तर त्याला 'आ' जोडतात: 'एस्पान्योल' आणि 'एस्पान्योला', 'फ्रान्सेस' आणि 'फ्रान्सेसा'. 'फ्रान्सेस'च्या शेवटच्या स्वरावर लिहिताना जे आघातचिन्ह असते ते स्त्रीलिंगात आणि अनेकवचनात गळते. 'मार्रोकी' म्हणजे मोरोक्कोचा, 'बेल्गा' म्हणजे बेल्जियमचा, 'कोस्तार्रिसेन्से' म्हणजे कोस्टा रिकाचा. हे तिन्ही स्त्री-पुरुषांना सारखेच लागतात. 'बेल्गा' आकारान्त दिसतो म्हणून तो स्त्रीलाच लागतो असे समजणे ही हमखास होणारी चूक. स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटाला पुल्लिंगी अनेकवचन लावतात, हा संकेत आज स्पॅनिश जगात वादाचा आहे. शब्दाची जागा नामानंतर: 'विनो चिलेनो' म्हणजे चिलीची वाइन. देशाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होते, देशवाचक शब्द मात्र लहान अक्षराने. इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशकडे आलेला विद्यार्थी इथे चुकतोच. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नसल्याने मराठीची सवय निदान आड येत नाही.

खरी बारीक गोष्ट उपपदाची आहे. 'एस चिलेनो' म्हणजे तो चिलीचा आहे. 'एस उन चिलेनो' म्हणजे तो कोणी एक चिलीचा माणूस आहे. 'हा कसला माणूस' या प्रश्नाला पहिले वाक्य चालते. 'तो कोण' या प्रश्नाला दुसरे. पहिल्यात शब्द विशेषण म्हणून येतो आणि माणूस आधीच ठाऊक असतो. दुसऱ्यात तोच शब्द नाम होतो आणि माणसाची ओळख त्या एका शब्दावर येऊन ठेपते. उपपद गाळण्याचा हा नियम देशापुरता नाही. धर्म आणि व्यवसायही त्याच रांगेत बसतात. 'एस कातोलिको', 'एस मेदिको', 'एस चिलेनो': कॅथलिक आहे, डॉक्टर आहे, चिलीचा आहे. व्याकरणाने राष्ट्रीयत्वाला शेजार दिला तो धर्माचा आणि धंद्याचा. यातला धंदा तर माणूस उघडपणे बदलतो.

न्यायदर्शनात या प्रश्नाची फार नेमकी हत्यारे आहेत. नैयायिक सामान्य धर्मांचे दोन प्रकार करतात. गायींमधले गोत्व ही 'जाती': अनेक व्यक्तींत समवायाने, म्हणजे न तुटणाऱ्या संबंधाने, राहणारा, नित्य, खराखुरा सामान्य धर्म. इथे जातीचा समाजव्यवस्थेतल्या जातीशी संबंध नाही. पाचकत्व, म्हणजे स्वयंपाकी असणे, ही मात्र 'उपाधी': अनेकांना लागू पडणारी, पण नित्य नसलेली, माणसाने एक काम केले म्हणून त्याला चिकटलेली. एखादा धर्म जाती का ठरू शकत नाही याची सहा कारणे उदयनाचार्यांनी दिली. त्यांपैकी एक 'संकर'. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र आढळतात, पण पहिला काही ठिकाणी दुसऱ्याशिवाय आणि दुसरा काही ठिकाणी पहिल्याशिवायही आढळतो. म्हणजे कोणीच कोणाच्या पोटात बसत नाही. अशा वेळी दोघांनाही जाती मानता येत नाही. भूतत्व (महाभूत असणे) आणि मूर्तत्व (मर्यादित आकारमान असणे) हे याचे ठरलेले उदाहरण: आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, पृथ्वी-जल-तेज-वायू दोन्ही आहेत.

या संकराचे जिवंत उदाहरण स्पॅनिशमध्ये भारताच्याच वाट्याला आले आहे. भारतीय माणसासाठी स्पॅनिश कोशातला शब्द 'इंदियो'. पण कोलंबस 1492 साली कॅरिबियन बेटांवर उतरला आणि आपण 'इंडीज'ला पोचलो असे समजला, तेव्हापासून हा शब्द अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना लागला तो लागलाच. त्यामुळे लॅटिन अमेरिकेत 'इंदियो' म्हटले की डोळ्यांपुढे आधी अँडीज किंवा मध्य अमेरिकेतला मूळनिवासी येतो, तोही बरेचदा तुच्छतेच्या छटेसह. यातून सुटण्यासाठी लोकांनी भारतीयांना 'हिंदू' म्हणायला सुरुवात केली. स्पॅनिशमध्ये हकाराचा उच्चार नसल्याने तो 'इंदू' असा ऐकू येतो. भारतीय जेवण 'कोमीदा इंदू', भारतीय सिनेमा 'सिने इंदू'. स्पॅनिश अकादम्यांच्या 2005 सालच्या शंकानिरसन-कोशाने, घोटाळा होणार नसेल तेथे, हा वापर चालवून घेतला आहे. धर्म नेमका सांगायचा असेल तर 'इंदुइस्ता' हा वेगळा शब्द आहे.

परिणाम असा की मडगावचा कॅथलिक, मालेगावचा मुसलमान आणि नागपूरचा बौद्ध हे तिघेही स्पॅनिश वृत्तपत्रात 'इंदू' होऊ शकतात. काठमांडूचा हिंदू मात्र धर्माने 'इंदू' असून देशाने नाही. भूतत्व आणि मूर्तत्वाचीच रचना. हिंदू हा शब्द मुळात सिंधू नदीवरून पडला, तेव्हा स्पॅनिश लोक नकळत त्याच्या जुन्या, भौगोलिक अर्थाकडे परत गेले असा बचाव करता येतो. तो बचाव हुशार आहे, पण लंगडा. बोलणाऱ्याच्या मनात सिंधू नसते. असतो तो दुसऱ्या कोणाला 'इंदियो' म्हणायचे राखून ठेवल्याने आलेला नाइलाज. गोव्यातून पोर्तुगीज शिकून स्पॅनिशकडे वळणाऱ्याला आणखी एक खड्डा आहे. पोर्तुगीजने भारतीयाला 'इंदियानु' आणि अमेरिकी मूळनिवासीला 'इंदियु' असे नीट वेगळे केले. स्पॅनिशमध्ये 'इंदियानो' शब्द आहे, पण त्याचा अर्थ अमेरिकेत जाऊन पैसा करून मायदेशी परतलेला स्पॅनिश माणूस. उत्तर स्पेनमध्ये अशा श्रीमंतांनी बांधलेल्या वाड्यांना आजही 'इंदियानोंची घरे' म्हणतात.

कोलंबसाच्या चुकीतून आलेल्या या नावावर पुढे धर्मशास्त्राचा मोठा वाद पेटला. 1511 साली सांतो दोमिंगोत अंतोनियो दे मोन्तेसिनोस या डॉमिनिकन साधूने प्रवचनात वसाहतवाल्यांना मूळ रहिवाशांबद्दल जाहीर विचारले की, ही माणसे नाहीत काय, यांना विवेकी आत्मा नाही काय. 1537 मध्ये पोप तिसरा पॉल याने 'सुब्लिमिस देउस' या फर्मानात ते खरी माणसे आहेत आणि त्यांना गुलाम करता येणार नाही, असे जाहीर केले. तरी 1550-51 मध्ये वायादोलिदला वाद भरवावा लागला. खिनेस दे सेपुल्वेदाने अॅरिस्टॉटलचा आधार घेऊन काही लोक स्वभावतःच गुलाम असतात अशी बाजू मांडली. बार्तोलोमे दे लास कासास त्याच्या विरोधात उभा राहिला. निकाल कोणाच्याच बाजूने जाहीर झाला नाही. सेपुल्वेदाचे म्हणणे आपल्या परिभाषेत मांडायचे तर, 'इंदियो' असणे ही जाती आहे आणि ती जन्मासोबत दास्य आणते. वसाहतीच्या कायद्यात मात्र 'इंदियो' ही सरळसरळ उपाधी होती: राजाला विशिष्ट खंडणी देणारा तो 'इंदियो'.

ती उपाधी होती याचा पुरावा ती हुकमाने काढता आली हा. खोसे दे सान मार्तीन याने ऑगस्ट 1821 मध्ये स्वतंत्र पेरूत फर्मान काढले की खंडणी रद्द, आणि मूळ रहिवाशांना यापुढे 'इंदियो' म्हणायचे नाही. ते पेरूचे नागरिक, म्हणून 'पेरुआनो'. पाच वर्षांत, 1826 साली, तीच खंडणी मूळनिवासींचा कर म्हणून परत आली आणि तिच्याबरोबर वेगळी वर्गवारीही. हा कर 1854 पर्यंत चालला. 1969 मध्ये पेरूच्या वेलास्को सरकारने जमीनसुधारणा करताना मूळनिवासी समुदायांचे नाव बदलून शेतकरी समुदाय, 'काम्पेसिनो', असे केले. एकाच खोऱ्यातली माणसे दीडशे वर्षांत इंदियो, पेरुआनो, पुन्हा करापुरती वेगळी आणि मग काम्पेसिनो झाली. त्यांच्या घरात बोलली जाणारी केचुआ मात्र तीच राहिली. बोलिव्हियाच्या 2009 च्या संविधानाने उलट वाट धरली. त्याने देशालाच अनेक राष्ट्रांचा म्हटले आणि स्पॅनिशबरोबर मूळनिवासींच्या 36 भाषांना अधिकृत दर्जा दिला.

'एस्पान्योल' हा शब्दही यापेक्षा भक्कम पायावर उभा नाही. 1812 च्या कादिसच्या संविधानाने स्पॅनिश राष्ट्र म्हणजे दोन्ही गोलार्धांतल्या सर्व स्पॅनिशांचा मेळ, अशी व्याख्या केली. म्हणजे लिमा आणि मेक्सिकोचे रहिवासीही एस्पान्योल. पण आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्वापासून दूर ठेवले. ते स्पॅनिश होते, नागरिक नव्हते. त्याच संविधानाने कॅथलिक धर्म हा राष्ट्राचा कायमचा धर्म ठरवला. स्पॅनिशमध्ये समजेल अशा भाषेत बोल हे सांगायला 'ख्रिस्ती भाषेत बोल' असा जो वाक्प्रचार आहे, त्याला हा सगळा इतिहास चिकटलेला आहे. देशवाचक शब्दांसाठी असलेली व्याकरणसंज्ञा 'खेन्तिलिस्यो' ज्या लॅटिन धातूवरून आली, त्याच धातूवरून परधर्मी माणसासाठीचा शब्द निघाला. गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरांत हिंदूंना 'जेंतिउ' म्हटलेले आढळते ते याच घराण्यातले. धर्म आणि देश ही दोन खाती युरोपने उशिरा वेगळी केली. 1978 च्या स्पॅनिश संविधानाने राज्याला कोणताही धर्म नाही असे लिहिले.

तरी जुन्या हिशोबाची एक बाकी 2015 साली चुकती करण्याचा प्रयत्न झाला. 1492 मध्ये ज्या ज्यूंना स्पेनमधून हाकलले, त्यांच्या वंशजांना, म्हणजे 'सेफार्दीं'ना, त्या वर्षीच्या कायद्याने स्पॅनिश राष्ट्रीयत्वाचा दरवाजा उघडला. सेफार्दी मूळ असल्याचा पुरावा, स्पेनशी काही नाते, स्पॅनिश भाषेची आणि संविधान-संस्कृतीची परीक्षा, अशा अटी होत्या. धर्म पाळत असल्याची अट नव्हती. जो स्पेनमध्ये कधी राहिला नाही असा माणूस 'सोय एस्पान्योल' म्हणू शकला, तो पाच शतकांच्या आठवणीच्या जोरावर. 1609 ते 1614 या काळात हाकललेल्या मोरिस्कोंच्या, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांच्या वंशजांना अशी सोय झाली नाही. वंश हेच कारण असते तर दोघांनाही एकच न्याय लागू पडता. कायदा कोणती आठवण मोजायची ते निवडतो, एवढाच याचा अर्थ निघतो.

विसाव्या शतकात खुद्द स्पॅनिश भाषेतल्या तत्त्वज्ञांनी हा प्रश्न सरळ हाती घेतला. स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळात मेक्सिकोत आलेल्या खोसे गाओसने स्वतःला निर्वासित म्हणवून न घेता 'त्रान्स्तेर्रादो' म्हटले: देशाबाहेर फेकलेला नव्हे, एका मातीतून दुसऱ्या मातीत गेलेला. त्याच्या शिष्यांतल्या एमिलियो उरांगाने 1952 च्या 'आनालिसिस देल सेर देल मेखिकानो' या पुस्तकात अॅरिस्टॉटलची द्रव्य आणि आगंतुक धर्म ही जोडी उचलली आणि म्हटले की मेक्सिकन माणसाचे असणे द्रव्यासारखे भरीव नाही. ते आगंतुक आहे, डळमळीत आहे, अपुरे आहे. मग त्याने डाव उलटवला. माणूस म्हणून कोणाचेच असणे भरीव नसते. युरोपीय माणूस स्वतःला द्रव्य समजतो ती त्याची चूक, आणि मेक्सिकन माणूस माणूसपणाच्या अधिक जवळ. मांडणी देखणी आहे, पण तिच्यात एक फट राहते. आगंतुकपणा हेच मेक्सिकन माणसाचे लक्षण ठरले की ते लक्षणच त्याचे द्रव्य होऊन बसते.

अर्जेंटिनाच्या रोदोल्फो कुशने दोन क्रियापदांनाच दोन संस्कृती वाटून दिल्या. 1962 च्या 'आमेरिका प्रोफुंदा' या ग्रंथात 'सेर' ही कोणीतरी होण्याची युरोपीय धडपड ठरते आणि 'एस्तार' हे अँडीजमधल्या माणसाचे नुसते असणे, जमिनीवर, ऊनपावसात टिकून राहणे. शहरी अर्जेंटिनाला आपल्याच मूळनिवासींकडे पाहायला लावले, हे या पुस्तकाचे श्रेय. मात्र 'सेर' आणि 'एस्तार' असा भेद केचुआत नाही. तिथे मराठीसारखे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. विजेत्यांच्या व्याकरणातला भेद जितांच्या जगण्यावर बसवणे हा थोडा उलटा न्याय झाला.

शहरांची विशेषणे याहून जुन्या गोष्टी सांगतात. कादिसचा रहिवासी 'गादितानो', उएल्वाचा 'ओनुबेन्से': शहरांची नावे काळाच्या ओघात बदलली, माणसांच्या ओळखीत मात्र रोमन काळची नावे शाबूत राहिली. गोव्याचा संत फ्रान्सिस झेवियर 1506 साली नावार्राच्या राज्यात जन्मला. 1512 मध्ये कास्तिलने ते राज्य घेतले आणि त्याचे भाऊ कास्तिलच्या विरुद्ध लढले. 1542 मध्ये तो गोव्यात उतरला तो पोर्तुगालच्या राजाने पाठवला म्हणून. जन्मभूमीवरून तो 'नावार्रो', घरच्या भाषेवरून 'वास्को', नंतरच्या राज्यव्यवस्थेवरून 'एस्पान्योल'. तिन्ही शब्दांना 'सेर' लागते आणि एकाने दुसरा खोटा ठरत नाही, कारण प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. संकर इथेही आहेच, आणि म्हणून यांतला एकही शब्द जातीच्या पदाला पोचत नाही.

होण्याच्या क्रियापदांतून हेच दिसते. 'होणे' या अर्थी स्पॅनिशमध्ये बरीच क्रियापदे आहेत. मनाची किंवा शरीराची लहर बदलली तर 'पोनेर्से': माणूस रागावतो, लाल होतो. देश बदलताना ते चालत नाही. तिथे 'आसेर्से', शब्दशः स्वतःला करणे, हे येते. आणि हेच व्यवसायाला व धर्मालाही लागते. डॉ. आंबेडकर 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध झाले, हे स्पॅनिशमध्ये 'से इसो बुदिस्ता' असे सांगता येते. स्पेनचे नागरिकत्व घेतलेल्याबद्दल त्याच साच्यात 'से इसो एस्पान्योल' म्हणतात. स्पॅनिश कायद्यात यासाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षांचे वास्तव्य लागते. लॅटिन अमेरिकी देश, फिलिपीन्स, पोर्तुगाल यांच्या मूळ नागरिकांना आणि सेफार्दींना दोनच वर्षांचे. भारतीय अर्जदार दहा वर्षांच्या रांगेत असतो, आणि भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या 9 व्या कलमाप्रमाणे स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे सुटते.

त्यानंतर त्याने स्वतःबद्दल काय म्हणावे, याचे व्याकरण सोपे आहे. 'सोय एस्पान्योल' हे बरोबर. स्त्री असेल तर 'सोय एस्पान्योला'. मूळही सांगायचे तर 'एस्पान्योल दे ओरीखेन इंदियो', भारतीय मुळाचा स्पॅनिश. इथे 'ओरीखेन' पुल्लिंगी असल्यामुळे 'इंदियो' स्त्रीच्या तोंडीही तसाच राहतो. मात्र लॅटिन अमेरिकेतला ऐकणारा यातून अँडीजचा माणूस समजण्याची शक्यता राहते, आणि 'दे ओरीखेन इंदू' म्हटले तर धर्माचा गैरसमज होतो. म्हणून देशाचे नावच घेणारे रूप बिनधोक: 'नासिदो एन ला इंदिया', भारतात जन्मलेला, स्त्रीलिंगी 'नासिदा'. ज्याने नागरिकत्व बदललेले नाही त्याच्यासाठीही हीच सोय आहे: 'सोय दे ला इंदिया', मी भारताचा.